मागाहून शिवलेलं पान

आठ महिने मी प्रार्थना केली नाही, आणि आमच्या मराठी मंडळीत कुणालाही त्याचा पत्ता लागला नाही. रविवारी उपासनेला जात होते, गीतं म्हणत होते, डोळे मिटायची वेळ आली की मिटत होते. फक्त मिटलेल्या डोळ्यांच्या आत कुणी नव्हतं. संध्याकाळच्या भाजीचा विचार करून मी ती दोन मिनिटं काढायची आणि सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हणायची. साठी ओलांडलेल्या, जन्मापासून ख्रिस्ती असलेल्या बाईने हे लिहावं याची लाज वाटते. पण जे झालं ते सांगायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. नोकरीने बंगळुरूला आणलं आणि इथेच राहिले. एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात माझं सगळं आयुष्य गेलं. यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं सांभाळायची, एखाद्यात बदल झाला की शॉपमधल्या, म्हणजे यंत्रांपाशी असलेल्या, जुन्या प्रती गोळा करून आणायच्या आणि त्यांच्यावर ‘रद्द’ असा लाल शिक्का मारायचा, हे माझं काम. जुन्या प्रतीवरून चुकून एक भाग जरी बनला तरी सगळं मुसळ केरात, म्हणून मी फार कडक होते. माझा शिक्का बघून फोरमन लोक ‘अक्का आली’ म्हणून हळूच पाठ फिरवायचे. निवृत्त झाले, शिक्का ऑफिसात राहिला, स्वभाव मात्र घरी आला.

नवरा गेल्यापासून व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच होते. गेल्या वर्षी माझ्या भावाची, म्हणजे दादाची, मुलगी करुणा इथल्या एका ईश्वरविज्ञानाच्या कॉलेजात शिकायला आली आणि माझ्याकडे राहू लागली. घर भरलं. सकाळी तिची गाणी, संध्याकाळी तिच्या वर्गातल्या गमती, आणि झोपण्याआधी दोघींची प्रार्थना. मला मूलबाळ नाही. त्या दोन-तीन महिन्यांत मला वाटू लागलं होतं की देवाने उशिरा का होईना, पण हिशेबाबाहेरचं काहीतरी माझ्या पदरात टाकलं आहे.

आणि मग एका सकाळी उप्पीट खाताखाता ती सहज म्हणाली, “आत्या, काल वर्गात योहानातली ती दगडांची गोष्ट झाली. व्यभिचारात धरलेल्या बाईची. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ती गोष्टच नाही, माहितीये? नंतर कधीतरी आत आली. काही प्रतींमध्ये तर दुसऱ्याच जागी आहे. जणू राहायला जागा शोधत फिरत होती बिचारी!”

तिने ते कौतुकाने सांगितलं होतं. मी मात्र हातातला चमचा खाली ठेवला.

ती गोष्ट माझ्यासाठी काय होती, हे करुणाला माहीत नव्हतं, कारण आमच्या घरात ते मोठ्याने कधी बोललं गेलं नाही. माझी आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिच्या पहिल्या सासरच्यांनी नाही नाही ते आळ घेऊन तिला घराबाहेर काढलं, आणि मंडळीच्या यादीतून तिचं नाव कमी करावं म्हणून पंचांची बैठक बसली. आमचे म्हातारे पाळक उठले, त्यांनी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, तोच उतारा वाचला, ‘तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा’ असं प्रभू सांगतो तो, शास्त्र मिटलं आणि म्हणाले, आता नाव खोडायला कोण पुढे येतो ते बघू. कुणी आलं नाही. त्या बैठकीत मागच्या बाजूला चपलांच्या दुकानात काम करणारा एक अबोल माणूस बसला होता. सहा महिन्यांनी त्याने आईला मागणी घातली. ते माझे पप्पा. म्हणजे तो उतारा त्या दिवशी वाचला गेला नसता, तर दादा नसता, मी नसते, आणि उप्पीट खाणारी करुणाही नसती. आईला तो तोंडपाठ होता. आजारपणात दुसरं सगळं विसरली तरी तो विसरली नाही.

तो उताराच मागाहून घुसडलेला निघाला, तर मग बाकीच्याची हमी कोण देणार? करुणाला तसं काही न दाखवता मी तिची पुस्तकं वाचू लागले. यशयाचा ग्रंथ एका माणसाच्या हातचा नाही, निदान दोघा-तिघांचा. मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट जुन्या प्रतींत वेगळा, अचानक तुटल्यासारखा. पौलाच्या नावावरची काही पत्रं पौलाची आहेत की नाहीत, यावर वाद. माझ्या डोक्यात ड्रॉइंग ऑफिस जागं झालं. मूळ प्रत कुठली, बदल कुणी केला, मंजुरी कुणाची? आणि मग मी ते केलं, जे माझ्यासारखीच बाई करू शकते. लाल पेन्सिल घेतली, माझ्या रोजच्या शास्त्रातले सगळे संशयित उतारे शोधले आणि पट्टी लावून त्यांच्यावर तिरक्या रेघा मारल्या. आठवडाभर हे काम चाललं होतं, आणि खरं सांगते, मी ते फार नेटकं केलं.

करुणाने ते पाहिलं तेव्हा ती रडायलाच लागली. “आत्या, हे काय केलंस? कधी लिहिलं गेलं हा एक प्रश्न आहे. खरं आहे का, हा दुसरा. आणि देव त्यातून आपल्याशी बोलतो का, हा तिसराच. पहिल्याच्या उत्तरावर तू तिन्हींचा निकाल लावलास!” मग डोळे पुसत ती आणखी समजावू लागली. इतिहासाच्या अभ्यासाचा तिला आदरच होता. पण काही अभ्यासक सुरुवातीलाच ठरवतात की देव जगात काही करत नाही असं धरून चालायचं, आणि शेवटी सांगतात की शोध घेतला, देव काही सापडला नाही. “पिठाच्या चाळणीने पाणी मोजायला बसल्यासारखं आहे ते, आत्या. आणि आजीचं शिक्षण तिसरीपर्यंत. तिने काय पंडितांचा निकाल लागेपर्यंत विश्वास ठेवायचा थांबायचं होतं का?”

मुलगी बरोबर बोलत होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की हिने माझ्या घरात आग लावली आणि आता हीच पाणी शिंपडतेय. आईचं नाव तिने घेतलं त्याचाही राग आला. माझ्या तोंडून निघून गेलं, “तू यायच्या आधी माझा देव धड होता.”

ती उठून आपल्या खोलीत गेली. चार दिवसांनी कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली म्हणून निघून गेली. जाताना पाया पडली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला पण आशीर्वादाचं वाक्य काही मला सुचेना. त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद झाली. तिला फोन करायला हात जायचा आणि परत यायचा. काय बोलणार? मी चुकले म्हणायचं, तर शास्त्रावरच्या रेघांचं काय करायचं ते कळत नव्हतं. मी बरोबर आहे म्हणायचं, तर मग आईचं काय?

अशात उपकारस्तुतीच्या सभेची माझी पाळी आली. आमच्या मराठी मंडळीत पंधरा-वीस घरं आहेत, काही माझ्यासारखी मुरलेली, काही पुण्या-मुंबईहून नुकती आलेली आयटीतली. वर्षातून एकदा प्रत्येक घर देवाचे उपकार मानायला सगळ्यांना बोलावतं, आणि आमचा रिवाज असा की घरात जे सगळ्यात जुनं शास्त्र असेल त्यातूनच घरच्या माणसाने वाचायचं. माझ्याकडचं सगळ्यात जुनं शास्त्र म्हणजे आईचं. ती गेल्यापासून ते कपड्यात बांधून कपाटात होतं, वर्षातून एकदा काढून मी त्यातलं एखादं स्तोत्र वाचायची आणि परत ठेवायची. त्याची पाठ उसवली होती, पानं सुटायला आली होती. मला एक युक्ती सुचली. ते बाइंडिंगला टाकलं तर सभेपर्यंत मिळणार नाही, आणि वाचायची वेळच येणार नाही. इथल्या शिवाजीनगरचे बाइंडर आठ दिवस म्हणाले की पंधरा लावतात, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं होतं. म्हणजे देवाला टाळायला मी त्याच्याच पुस्तकाची दुरुस्ती काढली.

मेट्रोने गेले, पुढे रिक्षा केली. बाजाराच्या मागच्या गल्लीत जिन्याखाली एका बाइंडर चाचांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लाकडी दाबयंत्र, खळीचा डबा आणि बसायला पाट. चाचांनी शास्त्र दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाले, “पंधरा दिन लगेंगे अम्मा.” मी इतक्या आनंदाने कानडीत “सरी, सरी”, म्हणजे ठीक ठीक, म्हटलं की त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. किताब उघडली आहे, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, येऊन जा. मी वैतागले. फोनवर सांगा म्हटलं, तर म्हणाले, बघावं लागेल. परत मेट्रो, परत रिक्षा. रस्ता खणलेला, रिक्षावाला दर दोन मिनिटांनी “स्वल्प थांबा मॅडम” म्हणत होता आणि मी मनातल्या मनात चाचांच्या नावाने बोटं मोडत होते.

चाचांनी सगळ्या शिवणी सोडवून पानांचे गठ्ठे ओळीने मांडले होते. एक पान तेवढं वेगळं ठेवलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. “ये पन्ना इस किताब का नै है अम्मा. बाद में सिये सो है. देखो, काग़ज़ अलग, नाप अलग. नंबर भी आगे-पीछे है.”

पान कोणतं होतं ते मी वाचलं, आणि जिन्याच्या पायरीवर बसले. दगड हातात घेतलेली माणसं, जमिनीवर बोटाने लिहिणारा प्रभू, एकटी उभी असलेली ती बाई. दुसऱ्या कुठल्यातरी लहान आकाराच्या प्रतीतून कापून आणलेलं पान होतं ते. वरच्या चार ओळी आधीच्या पानावर येऊन गेल्याच होत्या, आणि खाली दोन ओळी गायब होत्या. सांधा सरळ दिसत होता. करुणाचे प्राध्यापक ज्याला मागाहूनची भर म्हणतात, ती माझ्या आईच्या शास्त्रात अक्षरशः शिवलेली होती.

“निकाल के देऊँ, या ऐसाच रखूँ?” चाचांनी विचारलं. “पूछे बिना धरम की किताब का एक पन्ना इधर का उधर नै करता मैं.”

मी विचारलं, कशावरून मागाहून? छापखान्यातल्या बाइंडरकडूनच चुकून आलेलं असू शकतं. ते हसले. त्यांनी काढून ठेवलेला दोरा माझ्या तळहातावर ठेवला. जाड, काळपट, मेणाचा. “ये बाइंडर का धागा नै. जूती सीने का धागा है.” आणि मग पानाचा खालचा कोपरा दाखवत म्हणाले, “आया तो बाद में. पर सबसे ज़्यादा इसीच को पढ़े. बाक़ी किताब देखो, और इसका कोना देखो.” कोपरा बोटांनी झिजून कापडासारखा मऊ झाला होता.

मेणाचा दोरा. तो वास मी ओळखला. पप्पा संध्याकाळी दुकानातून घरी आले की त्यांच्या हाताला तोच वास असायचा.

मी तिथूनच नगरला दादाला फोन लावला. म्हटलं, दादा, पप्पांचं शास्त्र तुझ्याकडे आहे ना? लग्नात मिळालेलं, छोटं? योहानाचं शुभवर्तमान काढ. तो म्हणाला, “अगं, त्यातलं एक पान कसरीने खाल्लंय, मला माहितीये.” मी म्हटलं, नीट बघ, कसरीने खाल्लंय का? कपाट उघडल्याचा आवाज आला. मग पानं उलटल्याचा. मग दादा म्हणाला, “कापलंय गं. सरळ कापलंय. पप्पांच्या चामडं कापायच्या रापीने कापल्यासारखं.”

आणि मग त्याला ते आठवलं. आई एकदा त्याच्याकडे सहज म्हणाली होती की वॉर्डात एक बाई होती, तिच्या माणसांनी तिच्यावर आळ घेऊन तिला टाकून दिलं होतं. ती सकाळच्या गाडीने निघाली तेव्हा आईने आपल्या शास्त्रातलं पान फाडून तिच्या हातात दिलं. आईला लिहायला वेळ लागायचा, आणि गाडी थांबणार नव्हती. दादाला वाटलं होतं की आई काहीतरी रचून सांगतेय, कारण आईच्या शास्त्रात ते पान तर होतं. अर्धी गोष्ट नगरच्या कपाटात होती आणि अर्धी माझ्या मांडीवर. पप्पांनी फाटलेली कड पाहिली असणार, आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे एक शब्दही न बोलता आपलं पान कापून तिच्या शास्त्रात शिवून टाकलं असणार.

फोनवर आम्ही दोघं म्हातारी माणसं रडत होतो आणि हसत होतो. दादा मध्येच म्हणाला, “पंचांना कळलं असतं ना, तर शास्त्र फाडलं म्हणून आईचं नाव परत खोडायला बसले असते!” त्यावर मी इतकी मोठ्याने हसले की चाचांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

चहा पिताना मला एकदम हलकं वाटू लागलं. चाचांचं म्हणणं पुराव्यासकट खरं होतं. ते पान त्या पुस्तकाचं नव्हतं, कुणीही जाणकार दोन मिनिटांत सांगेल. आणि त्या सगळ्या पुस्तकात ते पान आईचं होतं तितकं दुसरं कुठलंच नव्हतं. ही दोन्ही सत्यं माझ्या मांडीवर शेजारी शेजारी पडली होती आणि एकमेकांना मुळीच त्रास देत नव्हती. आठ महिने मी त्यातलं एक निवडायला बसले होते. पहिल्या शतकांतल्या कुठल्या अनोळखी माणसांना ती गोष्ट टाकवली नाही, कुणी ती इथे ठेवली, कुणी तिथे, हे आता मला फार परकं वाटेना. त्यांच्यातही कुणी अबोल माणूस असेल.

“ऐसाच रखो चाचा,” मी म्हटलं. “आणि तोच दोरा वापरता येईल का?”

“वोइच लगाता,” ते म्हणाले. आणि पंधरा दिवसांचं काम त्यांनी तीन दिवसांत दिलं. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्याच दिवशी, चहा पिऊन निघाले ती घरी न जाता मी सरळ करुणाच्या वसतिगृहावर गेले. ती खाली आली, मला पाहून घाबरली, तिला वाटलं कुणी आजारी आहे. मी काय काय ठरवून गेले होते, पण म्हणाले एवढंच, “मी त्या दिवशी फार वाईट बोलले गं. घरी चल.” तिने माझ्या गळ्यात हात टाकले. मग फाटकाजवळच्या बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं, तिच्या आजीच्या त्या बैठकीपासून. ती अर्ध्यातच उठून उभी राहिली. “आत्या, चार ओळी दोनदा आल्यात? खरंच? सांधा दिसतो?” शिकलेली मुलगी ती, आजीची गोष्ट ऐकून रडतही होती आणि सांध्याचा आनंदही तिला आवरत नव्हता.

सभेला घर गच्च भरलं. मी आईचं शास्त्र उघडलं आणि वाचण्याआधी सगळ्यांना सांगून टाकलं की हा उतारा सगळ्यात जुन्या प्रतींत नाही, आणि हे पानही या पुस्तकातलं नाही. करुणाने तिच्या साध्या भाषेत समजावलं. थोडी कुजबुज झाली. पुण्याहून आलेला एक मुलगा म्हणाला, “बट आंटी, मग ऑथेंटिक काय?” तेवढ्यात आमचे नव्वदीला टेकलेले गायकवाडकाका कोपऱ्यातून म्हणाले, “बाई, आमच्या शेजारणीला दगड मारायचे का नाही, ते सांग. नसतील मारायचे तर वाच, चहा थंड होतोय.” घर हसलं. मी वाचलं. पहिल्या चार ओळी दोनदा आल्या, दोनदा वाचल्या.

शेवटची प्रार्थना घरच्या माणसाने करायची असते. मी उभी राहिले, डोळे मिटले, आणि मला कळलं की मी काहीच तयार केलेलं नाही. “प्रभू,” मी म्हटलं, “तुझं पुस्तक तू सांभाळ, मी इतके दिवस उगाच पहारा करत बसले. माझी पोर घरी आणलीस, तुझे उपकार कसे मानू?” करुणाने माझा हात धरला आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं.

त्याला आता काही महिने झाले. हा चमत्कार होता असं मी कुणाला पटवायला जात नाही. बाइंडर कामाचा सच्चा होता, दादाला एक जुनं बोलणं आठवलं, इतकंच म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. माझ्यापुरतं मला माहीत आहे की मी देवाला चुकवायला ज्या गल्लीत गेले, तिथे तो माझी वाट बघत बसला होता. विश्वास म्हणजे सगळ्या प्रती तपासून झाल्यावर मारायचा शिक्का, असं मला वाटायचं. आता वाटतं की जे शेवटपर्यंत तपासून होणार नाही, त्याच्या हाती स्वतःला सोपवायचं असतं, आणि तपासणीही आनंदाने चालू द्यायची असते.

करुणा पुन्हा माझ्याकडेच राहते. परवा कॉलेजातून आली ती दारातूनच सांगत, “आत्या, आज पौलाच्या पत्रांचं काय झालं ऐकशील तर...” आणि थबकली. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, “अगं सांग ना, थांबलीस का?” ती ओट्यावर चढून बसली आणि सांगू लागली. मी भाजी चिरत ऐकत होते, आणि मला कशाचीही भीती वाटत नव्हती.